वेदनेचा निरोप्या : प्रोस्टाग्लँडिन

डोके दुखले की गोळी, कंबर धरली की गोळी, अंगात कणकण आली की गोळी, असा आता घरोघरचा परिपाठ झाला आहे. आपल्या बरखेड्याच्या कोणत्याही क्वार्टरात औषधांचा डबा उघडून पाहिला, तर त्यात दोनचार पाकिटांतून उरलेल्या वेदनाशामक गोळ्या बहुधा सापडतीलच. गोळी घेतली, तास-दीड तासात दुखणे थांबले, की काम झाले. परंतु ती गोळी पोटात गेल्यावर नेमके काय करते, दुखऱ्या गुडघ्याला ती कशी ओळखते, आणि गुडघ्याखेरीज आणखी कोठे कोठे जाऊन पोहोचते, हे प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. ह्या प्रश्नांची उत्तरे ज्या पदार्थापाशी आहेत त्याचे नाव प्रोस्टाग्लँडिन. नाव उच्चारण्यास कठीण आहे खरे, पण त्याचे काम समजण्यास मुळीच कठीण नाही. आणि ते समजले म्हणजे आपला तो औषधांचा डबा आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो.

निरोप्या म्हणजे कोण?

शरीरात एका भागाचे वर्तमान दुसऱ्या भागाला कळविणारे अनेक पदार्थ आहेत. त्यांपैकी हॉर्मोन, म्हणजे संप्रेरके, आपल्या ऐकण्यातली आहेत. ती एखाद्या ग्रंथीत तयार होतात, रक्तात मिसळतात आणि दूरच्या अवयवापर्यंत जातात. इन्शुलिन हे त्यांचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय. ह्यांची रीत टपालासारखी : पत्र एका गावी पेटीत पडते आणि दुसऱ्या गावी वाचले जाते.

प्रोस्टाग्लँडिनांची तऱ्हा वेगळी आहे. ती बनविण्यासाठी निराळी ग्रंथी नाही. शरीरातील जवळजवळ सर्व पेशींना ती बनविता येतात. ती साठवून ठेवली जात नाहीत. गरज पडली की त्याच क्षणी तयार होतात, शेजारपाजारच्या पेशींना आपला निरोप सांगतात आणि थोड्याच वेळात नाहीशी होतात. रक्तात शिरलीच तर त्यांपैकी बहुतेक फुप्फुसांतून एकदा फिरतानाच नष्ट होतात. ही रीत टपालाची नव्हे. क्वार्टरच्या भिंतीवरून शेजारणीला घातलेल्या हाकेची आहे. हाक जवळच ऐकू जाते, काम होते, आणि मागे काही उरत नाही.

ही बनतात कशापासून? प्रत्येक पेशीच्या आवरणात स्निग्ध पदार्थ असतात. त्यांतील ॲरॅकिडोनिक आम्ल नावाचे वीस कार्बन-अणूंचे एक आम्ल हा त्यांचा कच्चा माल. सोयाबीन, करडई, सूर्यफूल ह्यांच्या तेलांत जे लिनोलिक आम्ल असते, त्यापासून आपले शरीर ॲरॅकिडोनिक आम्ल तयार करते. पेशीला इजा झाली किंवा तसा इशारा मिळाला, की हे आम्ल आवरणातून सुटते आणि सायक्लो-ऑक्सिजनेज नावाचे एंझाइम त्याचे रूपांतर सुरू करते. ह्या एंझाइमाला थोडक्यात 'कॉक्स' म्हणतात. वाचकांनी एवढे एक नाव मात्र ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी कथा ह्या कॉक्सभोवतीच फिरणारी आहे.

शोधाची हकीकत

१९३० साली न्यूयॉर्कमधील कुर्झरॉक व लीब ह्या दोघा डॉक्टरांना असे आढळले की, पुरुषाच्या वीर्यामुळे स्त्रीच्या गर्भाशयाचा स्नायू कधी आकसतो तर कधी सैल पडतो. त्यानंतर इंग्लंडात गोल्डब्लाट आणि स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर ह्यांनी स्वतंत्रपणे ह्या गुणाचा माग काढला. हा पदार्थ प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावा अशा समजुतीने फॉन ऑयलर ह्यांनी १९३५ साली त्याला 'प्रोस्टाग्लँडिन' हे नाव दिले. पुढे असे दिसून आले की वीर्यातील हा पदार्थ मुख्यतः शेजारच्या वीर्यकोशांतून येतो. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

पदार्थ अत्यल्प, आणि क्षणात नाहीसा होणारा; त्यामुळे पुढची वीस वर्षे काम फारसे सरकले नाही. स्वीडनचे सुने बर्गस्ट्रॉम ह्यांनी मेंढ्यांच्या ग्रंथी जमवून, त्यांतून १९५७ साली ह्या कुटुंबातील पहिले दोन पदार्थ स्फटिकरूपाने वेगळे केले. १९६२ पर्यंत त्यांची रचना उलगडली. त्यांचे शिष्य बेंग्ट सॅम्युएल्सन ह्यांनी ह्या कुटुंबातील आणखी पदार्थ शोधून काढले. प्रोस्टाग्लँडिन हा एकच पदार्थ नसून ते एक मोठे घराणे आहे, आणि त्यातील सदस्यांना ई, एफ, डी, आय अशी अक्षरे दिली आहेत. बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन आणि इंग्लंडचे जॉन व्हेन ह्या तिघांना १९८२ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्हेन ह्यांच्या कामगिरीकडे आपण लवकरच येऊ.

एकाच निरोप्याची नाना कामे

हात भाजला किंवा पाय मुरगळला, की त्या जागी प्रोस्टाग्लँडिने तयार होतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा लाल व गरम होते, सूज येते, आणि तेथील मज्जातंतूंची संवेदना वाढते. म्हणूनच एरवी ज्या स्पर्शाची दखलही घेतली नसती, तोच स्पर्श सुजलेल्या जागी असह्य होतो. शरीर जणू बजावते की, ह्या भागाला आता विश्रांती हवी. जंतूंचा प्रादुर्भाव झाला म्हणजे ई वर्गातील एक प्रोस्टाग्लँडिन मेंदूतील उष्णता-नियंत्रक केंद्राला 'तापमान वाढव' असे सांगते; त्यालाच आपण ताप म्हणतो.

मासिक पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिने सुटतात आणि गर्भाशयाचा स्नायू आवळला जातो. ज्या मुलींमध्ये ह्यांचे प्रमाण अधिक असते, त्यांच्या पोटात तीव्र कळा येतात. मळमळ व जुलाबही होतात. आम्हा शिक्षकांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. महिन्यातून एखादा दिवस एखादी मुलगी पोट धरून बाकावर डोके टेकते, तेव्हा ते अभ्यास टाळण्याचे सोंग आहे असे घरात वा शाळेत कोणी म्हणू नये. तिच्या दुखण्याला मोजता येण्याजोगे रासायनिक कारण आहे, आणि त्यावर उपायही आहे.

येथवर वाचून कोणालाही वाटेल की हा निरोप्या केवळ दुःखाचेच वर्तमान आणतो. परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. आपल्या जठरात अन्न पचविणारे तीव्र आम्ल असते. ते आम्ल जठराचीच भिंत का पचवीत नाही? कारण तेथे प्रोस्टाग्लँडिने अहोरात्र पहारा देतात. ती आम्लाचे प्रमाण आवरून धरतात, भिंतीवर श्लेष्म्याचा थर ठेवतात आणि तेथील रक्तपुरवठा टिकवितात. मूत्रपिंडांतही असाच प्रकार आहे. शरीरात पाणी कमी पडले, रक्तदाब उतरला, की प्रोस्टाग्लँडिने तेथील रक्तवाहिन्या उघड्या ठेवून मूत्रपिंडांना रक्त मिळत राहील अशी व्यवस्था करतात. आईच्या पोटातील बाळाच्या हृदयाजवळ एक लहानशी वाहिनी जन्मापर्यंत उघडी राहावी लागते. तीही ह्यांच्याच साह्याने उघडी राहते.

तात्पर्य, दुखविणारा आणि रक्षण करणारा निरोप्या एकच आहे. ह्या एका वाक्यात ह्या विषयाचे सारे मर्म आहे.

ॲस्पिरिनचे कोडे

विलो, म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या जातीचे झाड. त्याची साल तापावर गुणकारी आहे असे इंग्लंडातील एडवर्ड स्टोन ह्या धर्मोपदेशकाने १७६३ साली लिहून ठेवले. त्या सालीतील द्रव्याच्या घराण्यातूनच पुढे ॲस्पिरिन आले. १८९९ पासून ते बाजारात आहे. अब्जावधी गोळ्या जगाने गिळल्या. पण ती गोळी काम कशी करते, हे सत्तर वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते.

ते कोडे जॉन व्हेन ह्यांनी १९७१ साली सोडविले. ॲस्पिरिन वेदना थेट मारीत नाही. ती कॉक्स ह्या एंझाइमाला निकामी करते. एंझाइम थांबले की प्रोस्टाग्लँडिने बनत नाहीत, आणि निरोपच निघाला नाही म्हणजे सूज, ताप व वेदना उतरतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, इंडोमेथॅसिन ही सारी औषधे थोड्याफार फरकाने ह्याच एका ठिकाणी घाव घालतात.

हृदयविकाराच्या रोग्यांना रोज ॲस्पिरिनची लहानशी गोळी देतात, तिचेही रहस्य येथेच आहे. रक्त गोठविणाऱ्या चपट्या कणांत, म्हणजे प्लेटलेटमध्ये, ह्याच कच्च्या मालापासून थ्रॉम्बॉक्सेन नावाचा पदार्थ बनतो व तो गुठळी होण्यास मदत करतो. प्लेटलेटला केंद्रक नसते. त्यामुळे एकदा बंद पडलेले एंझाइम तिला पुन्हा नव्याने बनविता येत नाही. तिचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. तेवढे दिवस ती निष्क्रिय राहते. म्हणून ७५ मिलिग्रॅमसारखी अल्प मात्राही पुरते.

दार बंद केल्याची किंमत

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. गोळीला आपला दुखरा गुडघा कसा ओळखता येतो? उत्तर असे की, तिला तो ओळखता येतच नाही. ती रक्ताबरोबर सर्वत्र जाते. गुडघ्यातील निरोप थांबतो, त्याच वेळी जठरातील पहारा उठतो आणि मूत्रपिंडांचा आधारही कमी होतो. वर्षानुवर्षे अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या पोटात व्रण पडणे, काळी शौचास होणे, मूत्रपिंडे दुबळी होणे हे प्रकार म्हणूनच घडतात. गोळीने पोट बिघडते तर सुई घ्यावी, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु जठराला धोका मुख्यतः गोळीच्या स्पर्शाने नसून रक्तातून पोहोचणाऱ्या औषधाने होतो. तेव्हा सुई टोचल्याने तो टळत नाही.

१९९० नंतर असे कळले की कॉक्स दोन प्रकारचे आहे : एक मुख्यतः नित्याच्या रक्षणाचे, दुसरे मुख्यतः सुजेच्या वेळी वाढणारे. मग फक्त दुसऱ्यालाच थांबविणारी औषधे निघाली. जठराला त्यांचा त्रास कमी झाला हे खरे. पण त्यांपैकी रोफेकॉक्सिब ह्या औषधाने हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसून आले व २००४ साली निर्मात्यांनी ते जगभरातून परत घेतले. निरोपांची ही व्यवस्था इतकी गुंतलेली आहे की एक धागा ओढला तर दुसरीकडे गाठ बसते.

गिधाडांचा धडा

ह्याच औषधांचा एक धडा आपल्या भोपाळच्या वेशीवर पाहावयास मिळतो. केरवा धरणाजवळच्या रानात गिधाडांचे संवर्धन व प्रजनन केंद्र आहे. वनविहार राष्ट्रीय उद्यान आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ह्यांच्या सहकार्याने ते उभे राहिले. आकाशात थव्याने फिरणाऱ्या ह्या पक्ष्याला पिंजऱ्यात वाढविण्याची पाळी का यावी?

जनावरांच्या अंगदुखीवर व तापावर डायक्लोफेनॅकची सुई देण्याची प्रथा पडली होती. असे जनावर मेले की गिधाडे ते खात. गिधाडाच्या शरीराला हे औषध सोसत नाही. एकदोन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्लाचे पांढरे थर काळजा-यकृतावर बसतात आणि पक्षी मरतो. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ साली पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून कारण उघड झाले, आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी ह्या औषधावर बंदी घातली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांसाठीची सुईसुद्धा एका मात्रेच्या लहान बाटलीतच विकावी असा नियम झाला. मेलॉक्सिकॅम हे त्याच कुळातील औषध मात्र गिधाडांना सोसते. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही हे खरे. पण एका जिवाला उतारा देणारे औषध दुसऱ्याला विष ठरू शकते, आणि 'साधी दुखण्याची सुई' ही साधी नसते, हे त्या रिकाम्या झालेल्या आकाशाने आपल्याला शिकविले.

बेळगावच्या बाळंतिणी

येथवर निरोप थांबविण्याची कथा झाली. आता निरोप मुद्दाम पाठविण्याची कथा ऐकावी. ती आपल्या मराठी मुलखाच्या सीमेवरची, बेळगाव जिल्ह्यातली आहे.

मूल जन्मले, वार पडली, की गर्भाशय घट्ट आवळले गेले पाहिजे. तसे झाले म्हणजे उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात व रक्त थांबते. ते सैल राहिले तर बाईच्या अंगावरून इतके रक्त जाते की तासा-दोन तासांत प्राण जाऊ शकतो. बाळंतपणात दगावणाऱ्या मातांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे. ह्यावर ऑक्सिटोसिनची सुई हा उत्तम उपाय. परंतु ती थंड जागी ठेवावी लागते आणि टोचणारा शिकलेला हात लागतो. ज्या खेड्यात वीज जाते-येते आणि मूल घरीच जन्मते, तेथे काय करावे?

प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाला आवळते हे तर १९३० पासून ठाऊक होते. ई वर्गातील प्रोस्टाग्लँडिनासारखेच, पण अधिक टिकाऊ असे मिसोप्रोस्टॉल नावाचे औषध जठराच्या व्रणासाठी तयार करण्यात आले होते. ते स्वस्त, गोळीच्या रूपात, आणि शीतपेटीशिवाय टिकणारे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ ह्या काळात त्या जिल्ह्यातील खेड्यांत एक प्रयोग केला. १६२० बाळंतिणींपैकी निम्म्यांना मूल जन्मताच ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली. गोळी देणाऱ्या कोणी मोठ्या डॉक्टरीण नव्हत्या. उपकेंद्रांतील नर्सबाई होत्या. किती रक्त गेले हे नुसत्या अंदाजाने न ठरविता, खुणा केलेल्या पिशवीत ते गोळा करून मोजण्यात आले.

निकाल 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली प्रसिद्ध झाला. साध्या गोळीच्या गटात अर्धा लिटर वा अधिक रक्तस्राव १२ टक्के बायकांना झाला. औषधाच्या गटात ६.४ टक्क्यांना. एक लिटर वा त्याहून अधिक, म्हणजे जिवावर बेतणारा रक्तस्राव, १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. दर अठरा बायकांना औषध दिले की एकीचा मोठा रक्तस्राव टळतो, असा हा हिशेब. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

ज्यांना ही गोळी मिळाली त्यांपैकी काहींना थंडी वाजली व ताप आला. वाचकांच्या ध्यानात कारण आलेच असेल : हा निरोप्या मेंदूतील उष्णतेच्या केंद्रालाही तोच निरोप सांगतो. येथेही औषधाला गर्भाशय तेवढे ओळखता येत नाही. आणि म्हणूनच हे औषध घरच्या डब्यात ठेवण्याचे नव्हे. मूल जन्मण्यापूर्वी ते चुकीच्या मात्रेत दिले तर गर्भाशय फाटण्याचा धोका असतो. पोटात दुसरे मूल नाही ना, ह्याची खात्री करूनच, शिकलेल्या हाताने ते द्यावयाचे असते. जेथे ऑक्सिटोसिनची सोय आहे तेथे पहिला मान त्याचाच.

घरोघरी ध्यानात ठेवण्याजोगे

एवढे विवेचन केल्यावर काही व्यवहाराच्या गोष्टी सांगणे प्राप्त आहे. त्यांचे कारण वाचकांना आता आपोआप कळेल.

वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेऊ नये. रमजानच्या दिवसांत किंवा एकादशीच्या उपवासात हे विशेष सांभाळावे. घेणे भागच असेल तर रोजा सोडून, पोटात अन्न व पुरेसे पाणी गेल्यावर घ्यावी. उन्हाळ्यात लू चालू असताना, किंवा जुलाब-उलट्या होत असताना, शरीर कोरडे पडलेले असते आणि मूत्रपिंडे ह्याच निरोप्याच्या आधाराने चालतात; अशा वेळी आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक टाळावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, मधुमेह्यांनी व साठी उलटलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. दम्याच्या काही रोग्यांना ह्या औषधांनी दमा उसळतो. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत पुष्कळदा एकाच कुळाचे औषध असते, म्हणून पाकिटावरील बारीक अक्षरे वाचावीत.

पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असली तर ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्राव वाढण्याची भीती असते. तेव्हा पॅरासिटामॉल बरे. तेही मात्रेतच, कारण अधिक झाले तर ते यकृताला बाधते. गरोदर स्त्रीने, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, ह्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. बाळाच्या हृदयाजवळच्या त्या वाहिनीची आठवण ठेवावी. उलट, हृदयासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नये. शौचास काळी झाली, लघवी कमी झाली, तोंडावर सूज आली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि घरात बाळंतपण असेल तर ते दवाखान्यात, शिकलेल्या नर्सबाईच्या देखरेखीखालीच व्हावे.

दुखणे म्हणजे शत्रू नव्हे. बहुधा ते शरीराने पाठविलेले वर्तमान असते. ते ऐकून मग गरजेपुरते थांबविणे ह्यात शहाणपण आहे. न ऐकताच दार लावून घेणे ह्यात नाही. ज्या निरोप्याचे तोंड आपण एका गोळीने बंद करतो, तोच आपल्या जठराचा पहारेकरी आणि बाळंतिणीचा रक्षक आहे, एवढे ह्या लेखातून वाचकांच्या स्मरणात राहिले तरी तो लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे समजू.